शाळेच्या बँडचं लीडर व्हायचंय? आधी पाठीमागचं ऐकायला शीक

जून सुरू झाला की आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला जिन्यात गाठतात, ताई तू बँड लीडर होतीस ना, आमच्या शाळेत ट्रायल आहे, काय काय करून घेतात सांग ना. दर वर्षी दूध आणायला जाता जाता तेच तेच अर्धवट सांगते, म्हणून यावेळी नीट बसून सगळं लिहून काढलंय. मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत पाचवीपासून बँडमध्ये होते, साईड ड्रम वाजवायचे, आठवीत लीडरसाठी ट्रायल दिली तेव्हा मला घेतलं नाही आणि नववीत घेतलं. वाजवायला मी दोन्ही वर्षी तेवढंच चांगलं वाजवत होते, बदललं ते दुसरंच काहीतरी, आणि ते कोणी आधी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

तर आठवीत काय झालं ते आधी सांगते. ट्रायलला सरांनी लीडरची काठी हातात दिली, बँड मागे उभा केला, म्हणाले गेटपर्यंत ने आणि परत आण. मी निघाले, दहा-बारा पावलं गेले आणि मला वाटलं मागच्या ओळीचा पाय चुकतोय, म्हणून मान वळवून बघितलं. बघितलं तेवढ्यात माझाच पाय चुकला, माझं बघून पहिली ओळ चुकली आणि गेटपर्यंत जाईस्तोवर सगळे आपापल्या पायाने चालत होते. सर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की लीडरला पाठीला डोळे नसतात, कान असतात, मागे बघू नकोस, ऐक.

हे वाक्य नीट समजून घे. लीडर सगळ्यात पुढे चालतो, म्हणजे सगळ्या बँडकडे त्याची पाठ असते. कोण झांज उशिरा मारतंय, कोणाच्या ड्रमचा पट्टा सुटलाय, कोण रडकुंडीला आलंय, चालताना तुला यातलं काही दिसणार नाही. जे काय करायचं ते निघायच्या आधी करून ठेवलेलं असतं आणि निघाल्यावर फक्त ऐकायचं असतं. ट्रायलमध्ये सर तेच बघतात, ही मुलगी किंवा हा मुलगा न बघता बँड सांभाळेल का.

आता सुरुवात लयीपासून. आपल्याकडे परेडचं तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, म्हणजे सेकंदाला दोन. फोनवर फुकटचं मेट्रोनोम ॲप मिळतं, ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं, १२० ला लाव आणि घरात जागच्या जागी कदमताल कर, आई ओरडली तर गच्चीवर जा. पण नुसतं ॲपबरोबर चालून उपयोग नाही, खरी प्रॅक्टिस अशी की अर्धा मिनिट ॲपबरोबर चाल, मग आवाज बंद कर आणि मनात मोजत अर्धा मिनिट तशीच चालत रहा, मग परत आवाज चालू कर आणि बघ तू पुढे पळालीस की मागे राहिलीस. पहिल्या आठवड्यात बहुतेक सगळे पुढेच पळतात. मी रोज दहा मिनिटं हे केलं, दोन-तीन आठवड्यांत अंगात बसलं, नंतर तर ट्रेनमध्ये उभी असले तरी बोटं १२० ने चालायची.

जी पोरं गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवतात त्यांना इथे जरा वेगळं सांगते, कारण आमच्या लालबाग-परळच्या बाजूला बँडमधली निम्मी पोरं पथकातलीच असायची. पथकामुळे हात तयार होतो, दम येतो, लाज जाते, हे सगळं खरंय. पण पथकात लय चढवत नेतात, गंमत त्यातच असते. बँडमध्ये लय चढली की संपलं, कारण मागून अख्खी शाळा त्या लयीवर पाय टाकत येत असते आणि पाचवीतल्या पोरांना धावायला लागतं. पथकातल्या टोलवाल्याकडे, म्हणजे घंटेसारखा टोल वाजवणाऱ्याकडे, बघितलंयस का, ताशा कितीही कडाडला तरी तो आपला टोल सोडत नाही. लीडरला डोकं टोलवाल्याचं लागतं, ताशावाल्याचं नाही. (मला स्वतःला ताशा जास्त आवडतो तरी हे सांगतेय.)

पावलाच्या लांबीचं पण असंच. एनसीसीच्या ड्रिलमध्ये मुलांचं पाऊल ३० इंचाचं मानतात, घरात दोन फुटी टाइल असेल तर साधारण सव्वा टाइल. पण शाळेच्या बँडमध्ये सहावीतली पोरं असतात, त्यांना एवढा पाय टाकता येत नाही, आणि उंच मुलगा लीडर झाला की हमखास लांब ढांगा टाकतो. ट्रायलच्या आधी बँडमधल्या सगळ्यात बुटक्या मुलाबरोबर एकदा मैदानाला फेरी मार आणि त्याचं पाऊल किती पडतं ते बघून आपलं पाऊल तेवढं कर. आमच्या नववीच्या ट्रायलला माझ्याबरोबर जो मुलगा होता तो काठी माझ्यापेक्षा खूपच छान फिरवायचा, पण त्याच्या मागे ट्रँगलवाली छोटी मुलगी अक्षरशः पळत होती आणि सरांनी ते बघितलं.

मग आवाज. कमांडचे दोन भाग असतात, पहिला लांबवायचा आणि दुसरा तोडायचा. दाहिनेऽऽऽ हे लांब, म्हणजे सगळ्यांना कळतं की आता काहीतरी येतंय, आणि मुड हे एकदम छोटं, टाळी वाजवल्यासारखं. नवीन पोरं दोन्ही एकाच दमात बोलून टाकतात त्यामुळे मागच्यांना तयारीला वेळच मिळत नाही. थम कधी द्यायचं ते तर शंभर वेळा घोटून घे, आम्हाला शिकवलेलं की डावा पाय जमिनीवर टेकतो त्याच क्षणी थम, उजव्यावर दिलंस तर अर्धे थांबतात आणि अर्धे एक पाऊल पुढे जाऊन आपटतात. घरी चालत चालत स्वतःलाच कमांड दे, स्वतःच थांब, कळतं लगेच.

घसा ताणून ओरडू नकोस. घशातून काढलेला आवाज दोन दिवसांत बसतो आणि नेमका ट्रायलच्या सकाळी बसलेला असतो. पोटावर हात ठेव, श्वास घेतल्यावर पोट पुढे आलं पाहिजे आणि कमांड देताना आत गेलं पाहिजे. आमची शाळा रेल्वे लाईनला लागून, गाडी गेली की काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे मी रविवारी सकाळी दादर चौपाटीवर जाऊन प्रॅक्टिस करायचे, मैत्रिणीला शंभर पावलांवर उभी करायचे आणि तिला कमांड कळली की तिने हात वर करायचा. लाटांच्या आवाजात शंभर पावलांवर कळलं म्हणजे शाळेच्या मैदानात कळणारच. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो, मध्येच चिरकतो, त्याचं टेन्शन घेऊ नका, वरच्या पट्टीत जायचा हट्ट सोडा, खालच्या आवाजात पण तोडून बोललं की पोचतं. आणि कमांड देताना हसू येत असेल तर आरशासमोर उभं राहून देत जा, आठवडाभरात हसू जातं.

एकदा वाजवायला लागले की तोंडाच्या कमांडचा उपयोग संपतो, तिथून पुढे काठी बोलते. घरी काठी नसते, मी झाडूची जुनी दांडी घेतलेली आणि एका टोकाला ओलं फडकं गुंडाळून रबरबँड लावलेला, वजन एका बाजूला येतं म्हणून हाताला खऱ्यासारखी सवय होते. इशारे शाळेशाळेप्रमाणे थोडे वेगळे असतात त्यामुळे व्हिडिओ बघून शिकू नकोस, तुमच्या सरांचे किंवा गेल्या वर्षीच्या लीडरचे इशारे शीक, कारण बँडला तेच माहितीयेत. सुरू करायचा, वाजवणं बंद करायचा, कदमतालचा, थांबायचा आणि वळायचा, एवढे पाच इशारे झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत. प्रत्येक इशारा आधी वर, मग थोडा वेळ तिथेच, मग खाली. वर नेतेस ती सूचना आणि खाली आणतेस तो हुकूम, म्हणजे परत तेच लांब आणि तोड. काठी वर असताना मध्ये जो वेळ जातो त्यात मागच्या ओळीला दिसतं, घाई केलीस तर फक्त पहिल्या ओळीला दिसेल. काठी हवेत फेकून झेलायचं तर ट्रायलमध्ये अजिबात करू नकोस, पडली तर तेच लक्षात राहतं आणि झेललीस तरी त्याचे कोणी जास्त मार्क देत नाही.

वळण कागदावर समजत नाही, कॅरमच्या सोंगट्यांवर समजतं. बोर्डवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या चार-चारच्या ओळीत मांड, पुढे राणी ठेव, ती तू. आता ओळ न मोडता उजवीकडे घूम करून बघ. आतली सोंगटी जवळपास जागेवरच राहते आणि बाहेरची लांबून फिरून येते, म्हणजे आतल्या मुलाने पाऊल छोटं करायचं, बाहेरच्याने मोठं करायचं आणि लय मात्र दोघांची तीच. काउंटरमार्च म्हणजे अख्खा बँड उलट फिरून आपल्याच मधून परत येतो तो पण सोंगट्यांवर कर, कोण कुठल्या दोघांच्या मधून जाणार ते कळेल. मुंबईतल्या शाळांची मैदानं केवढी असतात माहितीये ना, त्यात निम्म्या जागेत दुपार अधिवेशनाची कबड्डी चालू असते, त्यामुळे आपल्याला वळणं लवकर आणि घट्ट घ्यावी लागतात. ट्रायलच्या आधी मैदान पावलांनी मोजून ठेव, झेंड्याच्या खांबापासून भिंत किती पावलं, आणि भिंतीच्या किती आधी इशारा द्यायला लागेल. भिंत आल्यावर इशारा दिला तर उशीर झालेला असतो.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली ती इथेच सांगते. आवाजाला पोचायला वेळ लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि आपला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे बँडपासून ८५ मीटर लांब असलेल्या तुकडीला बेस ड्रम पाव सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे बरोबर अर्धा ठोका. म्हणून मोठ्या मैदानात मागच्या वर्गांचा पाय बँडशी जुळलेला दिसत नाही, बिचारी पोरं बरोबर चालत असतात आणि ओरडा खातात. आपल्या शाळांना चारी बाजूंनी बिल्डिंगी, त्यामुळे भिंतीवरून परत येणारा आवाज वेगळाच त्रास देतो, ढम वाजलं की पाठोपाठ समोरच्या टॉवरवरून दुसरं ढम येतं आणि नवीन लीडर त्या दुसऱ्यावर पाय टाकतो. यावर उपाय एकच, बेस ड्रमवाल्याशी दोस्ती. तो तुझ्या पाठीमागे नक्की कुठे उभा आहे ते डोक्यात ठेव, त्याच्याबरोबर दोघांनीच रोज पाच मिनिटं चाला, तो वाजवेल आणि तू पुढे चालशील, बाकी कोणी नको. महिनाभराने शंभर आवाजांतून त्याचा ठोका ओळखू येतो. माझा बेस ड्रमवाला आणि मी तर शेवटी अशा थराला पोचलेलो की माझे खांदे बघून त्याला कळायचं मी आता थांबवणार आहे.

वाद्यांबद्दल लोक खूप टेन्शन घेतात. लीडरला सगळ्यात भारी वाजवता यायला पाहिजे असं काही नाहीये, पण प्रत्येक वाद्याचं साधं सुरुवातीचं तरी आलं पाहिजे, म्हणजे साईड ड्रमचा रोल (दोन्ही स्टिकने सलग घुमवणं), बेस ड्रमचा सरळ ठोका, झांज कशी धरायची, बिगुलमध्ये फुंक कशी मारायची. स्टिकची प्रॅक्टिस कडक उशीवर कर, आवाज होत नाही आणि मनगट तयार होतं. प्रॅक्टिस पॅड घ्यायचंच असेल तर धोबी तलावला फुर्ताडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, पण खरंच सांगते, उशीवर भागतं. तोंडी प्रश्न पण विचारतात. आपण वाजवतो त्या सारे जहाँ से अच्छाची चाल पंडित रविशंकरांची आणि कदम कदम बढाये जाची चाल आझाद हिंद सेनेतल्या कॅप्टन रामसिंगांची, हे असलं माहिती असावं, जे वाजवतो ते कोणाचं आहे हे विचारल्यावर गप्प उभं राहणं बरं दिसत नाही.

राष्ट्रगीताचं मात्र चोख पाहिजे, तिथे चूक चालत नाही. पूर्ण राष्ट्रगीत वाजवायला साधारण ५२ सेकंद लागतात, घड्याळ लावून बँडबरोबर मोजून बघ, बहुतेक शाळांचं पटापट उरकलेलं असतं. केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये असंही आहे की बँड राष्ट्रगीत वाजवणार असेल तर आधी ड्रमचा रोल द्यायचा, धीम्या चालीतल्या सात पावलांएवढा, हळू सुरू करून वाढवत न्यायचा, परत हळू करायचा पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे, मग एक ठोका शांत आणि मग राष्ट्रगीत. तो एक ठोका शांत ठेवणं सगळ्यात अवघड आहे, पोरांचे हात शिवशिवतात, आणि तिथे सगळे तुझ्या काठीकडे बघत असतात. दुसरं म्हणजे १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, नुसता फडकवतात. काही शाळांत दोन्ही दिवशी वरच बांधतात. तुमच्याकडे कसं करतात ते आधी विचारून घे, कारण तुझा इशारा झेंडा बघून जाणार आहे. राज्यगीत पण २०२३ पासून ठरलंय, जय जय महाराष्ट्र माझा, शाळेत वाजवत असतील तर त्याची पण तयारी ठेव.

आता जे कुठल्याच ट्रायलच्या नोटीसमध्ये लिहिलेलं नसतं ते. सर ट्रायलच्या दिवशी ठरवत नाहीत. त्यांच्या डोक्यात दोन-तीन नावं आधीपासून असतात आणि ती नावं प्रॅक्टिस संपल्यावरच्या दहा मिनिटांत ठरतात. सगळे दप्तर उचलून पळतात तेव्हा ड्रम पुसून कपाटात कोण ठेवतं, स्टिक मोजून कोण ठेवतं, पावसात ड्रमवर प्लॅस्टिक कोण टाकतं. जुलैमध्ये मैदानात चिखल असतो, प्रॅक्टिस पॅसेजमध्ये नाहीतर हॉलमध्ये होते, ड्रमला चामड्याची पानं असतील तर ती दमट हवेने सैल पडतात आणि आवाज भद्द येतो, तेव्हा चावी घेऊन पान कसायला कोणाला येतं हे सर बघून ठेवतात. हे दाखवायला करू नकोस, दाखवायला केलेलं दोन दिवसांत कळतं. मी आठवीनंतर हे करायला लागले ते खरं तर वाईट वाटलं म्हणून, मला घरी लवकर जायचं नसायचं, आणि ड्रम पुसता पुसता पाचवीतल्या पोरांशी बोलायला लागले. कोणाचा पट्टा मोठा होतोय, कोण उपाशी येतं, कोणाला साडेसहाच्या प्रॅक्टिससाठी विरारवरून यायला लागतं, हे सगळं मला तिथे कळलं. नववीच्या ट्रायलला बँड माझ्या मागे नीट चालला तो काठीमुळे नाही, त्या पोरांना मला चुकू द्यायचं नव्हतं.

हजेरी चोख ठेव, उशीर होणार असेल तर आधी कळव. आणि घरी आधी बोल. नववीत क्लास असतो, आईबाबा म्हणतात कशाला नसती कटकट, तर त्यांना स्पष्ट सांग की जुलैपासून १५ ऑगस्टपर्यंत रोज, मग स्पोर्ट्सच्या आधी आणि जानेवारीत, एरवी आठवड्यातून दोनदा. निवड झाल्यावर घरून नाही म्हणाले तर बँडचीच पंचाईत होते. वर्गशिक्षिकाबाईंना पण सांगून ठेव, बऱ्याच शाळांत त्यांना विचारतात.

ट्रायलच्या दिवशी कॅनव्हासचे बूट आदल्या रात्री धुऊन खडू घासलेले, लेसला दोन गाठी, केस घट्ट, घड्याळ-कडं काही नको. पोट भरलेलं पाहिजे, दोन केळी तरी खाऊन जा. तुझा नंबर यायच्या आधी बँडसमोर एकदा उभी रहा आणि सगळ्यांकडे बघून घे, कारण नंतर बघायला मिळणार नाही, कोणाचा पट्टा सैल असेल तर आत्ताच नीट करून दे. पहिली कमांड द्यायच्या आधी मनात डावा-उजवा-डावा-उजवा चार ठोके मोज, लय आधी तुझ्यात सुरू झाली पाहिजे. चूक झाली तर थांबू नकोस, तोंड वाकडं करू नकोस, कदमतालचा इशारा दे, चार-आठ ठोक्यांत सगळे आपोआप बेस ड्रमवर येतात, मग परत पुढे ने. चुकलेला बँड परत जागेवर आणलेला सर जास्त लक्षात ठेवतात, हे मला सरांनी स्वतः नंतर सांगितलं.

नाही झाली निवड तर त्या दिवशी रड, काही हरकत नाही, मी पण रडलेले, दुसऱ्या दिवशी मात्र प्रॅक्टिसला जा. सरांना एकटं गाठून विचार की काय कमी पडलं, आणि ते सांगतील ते लिहून ठेव, तिथे वाद घालू नकोस. ड्रम सेक्शन सांभाळायला कोणीतरी लागतंच, ते माग. आणि जो कोणी लीडर झाला असेल त्याच्या मागे पहिल्या ओळीत उभं राहून त्याच्या पायाशी पाय जुळवून ठेव, त्यालाही मागचं दिसत नसतं.